घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत बाहेरून वाट: सांगलीत पोर्ट फॉरवर्डिंग करतानाचा अनुभव

ज्यांना घरातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर बाहेरून पोचायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणजे राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान सापडलंय, व्हिडिओ बघून नियमही टाकून झालाय आणि तरी मोबाईलवर नुसतं चक्र फिरत बसलंय, अशांसाठी. मी आयटीतली नाही. विश्रामबागला राहते, शाळेत गणित शिकवते. एप्रिल २०२५ मध्ये ह्यात हात घातला ते जुलैत पुरं झालं, आणि त्यातला बराचसा वेळ राउटरच्या सेटिंगमध्ये नाही, इंटरनेट कंपनीच्या मागं लागण्यात गेला, म्हणून तो भाग जरा सविस्तर लिहिते.

आधी कशासाठी ते सांगते. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, गणपती पेठेजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, गणपतीच्या मिरवणुका, कित्येक वर्षांच्या निगेटिव्ह लोखंडी ट्रंकांमधून भरून ठेवलेल्या. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, ह्यावरून बाजारपेठेत काय झालं असेल ते सांगलीबाहेरच्यांनाही कळेल. खालच्या ट्रंका गेल्या, माळ्यावरच्या वाचल्या. वाचलेल्या निगेटिव्ह पुढची दोन-तीन वर्षं सुट्टीसुट्टीत बसून आप्पांनी आणि मी स्कॅन केल्या, आप्पा प्रत्येकाचं नाव गाव सांगायचे आणि मी टाईप करायची. ते सगळं मिळून पावणेदोन टीबी भरलं.

दादा पुण्याला, आत्या बेळगावात, चुलत बहीण दुबईला, प्रत्येकाला ते बघायचंय. शिवाय जुनी गिऱ्हाईकं अजून आप्पांना फोन करतात, “आमच्या लग्नातला आईचा फोटो हाय का ओ तुमच्याकडं, घरातला पुरात गेला.” असा फोन आला की आप्पा दिवसभर अस्वस्थ असायचे, कारण फोटो आहे हे माहीत असायचं पण पाठवायचा कसा ते त्यांना जमायचं नाही. भाड्याच्या क्लाउडवर टाकायचं तर दर महिन्याला पैसे, तेही कायमचे, आणि आप्पांचं म्हणणं सरळ होतं, “माझ्या घरात राहू दे की, बघायचं त्यानं बघावं.” मला ते पटलं. आपल्या वस्तू आपल्या घरात ठेवून लोकांना दाखवता आल्या पाहिजेत, त्यासाठी मोठ्या कंपनीच्या दारात जायची गरज पडू नये असं मला मनापासून वाटतं.

सामान फार लागलं नाही. घरात एक जुना डेस्कटॉप होता, त्यावर वालचंद कॉलेजला शिकणाऱ्या भाच्यानं एका रविवारी उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची लिनक्स सिस्टीम, टाकून दिली, त्यावर इमिच नावाचं फुकट मिळणारं फोटोंचं सॉफ्टवेअर. ४ टीबीची हार्डडिस्क दहा हजारांच्या आसपास पडली. बाहेरून पोचायचा सगळा उद्योग मात्र मीच केला कारण भाच्याची परीक्षा होती. ह्या मशीनला ३५ वॉटच्या आसपास वीज लागते, चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला २५ युनिट, हा खर्च आधीच मनात धरा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरातल्या घरात सगळं चालू झालं. माझ्या मोबाईलवर १९२.१६८.०.५० हा त्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता (आयपी) आणि पुढं २२८३ हा पोर्ट, म्हणजे त्यातल्या इमिचच्या दाराचा नंबर, टाकला की फोटो दिसायचे. इथं एक काम लगेच करून घ्या, ते म्हणजे त्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता कायमचा बांधून टाकणं. राउटरमध्ये डीएचसीपीच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायच्या, पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथं कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख नंबर) आणि हवा तो आयपी लिहायचा. हे केलं नाही तर लाईट जाऊन आली की राउटर त्याला वेगळाच पत्ता देऊ शकतो, आणि मग तुमचा फॉरवर्डिंगचा नियम जुन्या पत्त्यावर, म्हणजे कदाचित प्रिंटरवर, लोकांना पाठवत बसतो. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. नियम टाकायच्या आधी, राउटरला हात लावायच्याही आधी, एक तपासणी करायची आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी म्हणून एक आकडा दिसतो, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता, तो कागदावर लिहा. मग गुगलवर माझा आयपी काय असं शोधून जो आकडा येतो तो त्याच्याखाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर पुढं जा. वेगळे असतील तर तुम्ही राउटरमध्ये कितीही नियम टाका, बाहेरचं कोणी आत येणार नाही.

माझे वेगळे आले. वॅन आयपी १०० नं सुरू होत होता, बाहेरचा १०३ नं.

ह्याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून थोडं थांबून सांगते. जुन्या वाड्याला रस्त्यावर एकच दार असतं आणि आत दहा बिऱ्हाडं, पत्रावर वाड्याचाच पत्ता, आत कुणाचं ते दारातला माणूस बघून देतो. घरच्या राउटरचं तेच काम आहे. आतून कोणी बाहेर काही मागितलं तर उत्तर कुणाला द्यायचं हे राउटर लक्षात ठेवतो, पण बाहेरून कोणी न बोलावता आलं तर कुणाकडं पाठवायचं ते त्याला माहीत नसतं, आणि ते त्याला सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. ४४३ नंबरवर कोणी आलं तर अमुक कॉम्प्युटरकडं पाठव, एवढाच नियम. पोर्टचे नंबर ६५५३५ पर्यंत असतात.

अडचण ही की जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, जगात मिळून ४२९ कोटीच पत्ते आहेत, आणि आपल्या भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिक ह्या संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. मग इंटरनेट कंपन्यांनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली, ह्याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते मुद्दाम राखून ठेवले गेले. त्यामुळं तुमचा वॅन आयपी ह्या पट्ट्यातला दिसला की ओळखायचं, तुमच्या दाराच्या बाहेर कंपनीचं अजून एक दार आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडं नाही. काही कंपन्या त्यासाठी १० नं सुरू होणारे पत्तेही वापरतात, तेव्हाही अर्थ तोच.

१७ एप्रिलला कस्टमर केअरला फोन लावला. मला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, पाहिजे म्हटलं तर पलीकडच्या मुलीनं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, मग प्लॅन वाढवायला सांगितलं. तिचा दोष नाही, तिच्या समोरच्या स्क्रीनवर हा प्रश्नच नसणार. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण मी चौकशी केली तेव्हा शेजारीपाजारी दुसऱ्या कंपन्यांची कनेक्शनं असलेल्यांचंही थोड्याफार फरकानं असंच होतं. फोनवर वेळ घालवण्यापेक्षा लोकल ऑफिसला जा. मी २१ तारखेला सोमवारी शाळा सुटल्यावर शंभर फुटी रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात गेले.

तिथला मुलगा चांगला होता. “मॅडम, स्टॅटिक आयपी म्हणा, मग वरच्यांना कळतंय,” म्हणाला. हा शब्द लक्षात ठेवा. खरं तर आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात, पत्ता पब्लिक असणं आणि तो न बदलणं, पण घरगुती कनेक्शनवर बहुतेक ठिकाणी ह्या दोन्ही स्टॅटिक आयपी ह्या एकाच नावाखाली पैसे घेऊन मिळतात. वर्षाचे १५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७०. कागदपत्रं: आधारची झेरॉक्स, लाईट बिल, एक फोटो, कंपनीचा छापील फॉर्म आणि वेगळा साध्या कागदावरचा अर्ज, त्यात आयपी कशासाठी पाहिजे ते लिहायचं. मी लिहिलं, घरगुती वापर, कुटुंबाचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून नातेवाइकांना दाखवण्यासाठी. तो अर्ज वाचून त्यानं विचारलं, “म्हणजे तुमचे फोटो तुमच्याच घरात, आणि पुण्यात दिसणार?” दिसणार म्हटलं. “करून बघा आणि मलापण सांगा,” म्हणाला.

कनेक्शन माझ्या मिस्टरांच्या नावावर होतं त्यामुळं सही त्यांची लागली आणि ओटीपीही त्यांच्या मोबाईलवर आला. तुमचंही असं असेल तर त्या माणसाला बरोबर घेऊनच जा. अर्जाची एक जास्तीची प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का मारून घ्या. आणि पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न तोंडी नाही, ईमेलवर विचारा: हा आयपी सीजीनॅटच्या बाहेरचा असेल ना, आणि बाहेरून येणारे कोणते पोर्ट तुम्ही बंद ठेवता. मी ईमेल केलेलं म्हणून पुढं उपयोग झाला.

सात कामाचे दिवस म्हणालेले. १ मे ची सुट्टी गेली, शाळेचे निकाल झाले, उन्हाळी सुट्टी लागली, काही नाही. ऑफिसला गेलं की “वरून अप्रूव्हल यायचंय मॅडम, झालं की लगेच होतंय.” ह्या काळात मला फार कंटाळा आला आणि निराशही वाटलं, कारण आप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, आत्याला दिसायला लागले का म्हणून. शेवटी मे च्या मध्यावर रीतसर तक्रार नोंदवली. इंटरनेट कंपनीकडं तक्रार केली की डॉकेट नंबर मिळतो, तो मागून घ्यायचाच, कारण ट्राय ह्या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणं तक्रारीचं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ॲथॉरिटीकडं अपील करता येतं आणि तिथं हा नंबर लागतो. मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. नंबर मिळाल्यावर आठवड्याभरात मेसेज आला, त्यात चार आकड्यांचा पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे.

राउटर बंद करून चालू केला, स्टेटस पान उघडलं, आणि वॅन आयपी १९२.१६८.१ नं सुरू होणारा.

हेही बऱ्याच घरांत होतं म्हणून सांगते. कंपनीनं भिंतीवर लावलेला फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तो स्वतःही राउटरच असतो. त्याच्या मागं आपण आपला चांगला राउटर लावलेला असतो. म्हणजे घरातच दोन राउटर एकामागं एक, दारातला माणूस दोनदा, ह्याला डबल नॅट म्हणतात. पब्लिक आयपी आला होता पण तो कंपनीनं माझ्या राउटरऐवजी भिंतीवरच्या डब्याला दिला होता. ह्यातनं दोन वाटा आहेत, एक म्हणजे डब्यातही नियम टाकायचा की सगळं माझ्या राउटरकडं पाठव आणि मग राउटरमध्ये परत नियम टाकायचा, किंवा डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायचं, मग तो फक्त फायबरचं केबलमध्ये करून देतो आणि लॉगिन आपला राउटर करतो. मला दुसरं बरं वाटलं, नियम एकाच ठिकाणी राहतात. पण डब्याचा ॲडमिन पासवर्ड कंपनीकडं होता.

परत फोन. मे अखेरीस पाऊस लवकर आला, आमच्या बाजूची फायबर कुठंतरी तुटली, लाईनमन सगळे तिकडं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकजण आला. त्यानं डब्यात लॉगिन करून विचारलं, “ब्रिज टाकला की ह्याचं वायफाय बंद होणार बघा, नंतर मला फोन करू नका, चालतंय का?” चालतंय की म्हटलं. त्याच्याकडनं तीन गोष्टी लिहून घेतल्या, पीपीपीओईचं (राउटरनं कंपनीकडं लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीच्या लाईनवरचा आपला नंबर). ह्या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय लाईनमनला जाऊ देऊ नका, आणि तो असतानाच आपल्या राउटरवर नेट चालू झालेलं बघून घ्या. राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्याचा आकार, १४९२ ठेवायचा, पीपीपीओईला तेवढाच लागतो. ह्या वेळी मात्र वॅन आयपी आणि बाहेरचा आयपी सारखे आले. मी तो स्क्रीनशॉट दादाला पाठवला, त्याला काही कळलं नाही पण माझा आनंद कळला.

डोमेन, म्हणजे आकड्यांऐवजी टाईप करायचं नाव, आधीच घेऊन ठेवलेलं, डॉट इन, वर्षाला सातशेच्या आत, त्याचा ए रेकॉर्ड (नाव कुठल्या आयपीचं ती नोंद) ह्या आयपीकडं वळवला. पैसे घालायचे नसतील तर डकडीएनएस सारखं फुकटचं नावही चालतं, आणि तुमचा आयपी पब्लिक आहे पण अधूनमधून बदलतो अशी परिस्थिती असेल तर तेच जास्त कामाचं, कारण एक छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी नवा आयपी तिकडं कळवत राहते.

मग नियम. वेगवेगळ्या राउटरमध्ये ह्या पानाचं नाव वेगळं असतं, कुठं पोर्ट फॉरवर्डिंग, कुठं व्हर्च्युअल सर्व्हर, कुठं नॅटच्या आत लपलेलं. भरायचं तेच: बाहेरचा पोर्ट, आतला आयपी, आतला पोर्ट, आणि टीसीपी की यूडीपी, ह्या माहिती पाठवायच्या दोन पद्धती. मी इमिचचा २२८३ सरळ बाहेर उघडला नाही, कारण ते साधं एचटीटीपी असतं, पासवर्ड उघडा जातो. मध्ये कॅडी नावाचा छोटा वेब सर्व्हर ठेवला, त्याच्या फाईलमध्ये डोमेनचं नाव आणि मागं कुठल्या पोर्टला पाठवायचं एवढं लिहिलं की तो लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून सर्टिफिकेट (ज्यामुळं पासवर्ड उघडा जात नाही) स्वतःच आणतो आणि स्वतःच रिन्यू करतो. त्यामुळं राउटरमध्ये ८० आणि ४४३ असे दोन नियम टाकले, दोन्ही १९२.१६८.०.५० कडं.

तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरूनच तपासायचं. घरच्या वायफायवरून आपलाच बाहेरचा पत्ता उघडून बघणं ही तपासणी धरायची नाही, का ते पुढं सांगते.

उघडलं नाही. इथं मला गणिताच्या सवयीचा उपयोग झाला, एका वेळी एकच पायरी तपासायची. बाहेरून येणारं कनेक्शन इंटरनेट कंपनी, राउटर, कॉम्प्युटरचा फायरवॉल आणि मग सॉफ्टवेअर अशा क्रमानं जातं, त्यामुळं कुठपर्यंत आलंय तेवढंच शोधायचं. कॉम्प्युटरवर टीसीपीडंप नावाची, येणारंजाणारं ओळीओळीनं दाखवणारी कमांड असते, ती ४४३ पोर्टवर लावून ठेवायची आणि मोबाईलवरून पान उघडायचं. स्क्रीनवर काहीच ओळ आली नाही तर गोष्ट कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलीच नाही, दोष राउटरमध्ये किंवा कंपनीत. ओळी येतायत पण उत्तराच्या ओळी नाहीत, म्हणजे पाहुणा दारात आलाय आणि आतलं कोणी उठत नाहीये, तेव्हा फायरवॉल बघायचा. माझ्याकडं ४४३ च्या ओळी येत होत्या, त्याच त्याच परत परत, उत्तर नाही. उबंटूचा यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू होता आणि बाहेरचं सगळं अडवत होता, जे त्याचं कामच आहे. ४४३ ला परवानगी दिली आणि उत्तरं जायला लागली. विंडोज असेल तर डिफेंडर फायरवॉलमध्ये इनबाउंड रूल करावा लागतो, आणि तिथं नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट हेही बघा.

यूएफडब्ल्यूबद्दल एक महत्त्वाचं. डॉकरमधून (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) चालणारं सॉफ्टवेअर जो पोर्ट उघडतं तो यूएफडब्ल्यू अडवत नाही, डॉकर आपले नियम त्याच्या आधी घालतो. इमिच डॉकरमध्येच चालतं. त्यामुळं फायरवॉल लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, राउटरमध्ये कोणता पोर्ट उघडलाय तीच खरी यादी.

८० च्या ओळी मात्र आल्याच नाहीत. राउटरचा नियम बरोबर होता, ४४३ सारखाच. ईमेल केलेलं त्याचं उत्तर शोधून काढलं, त्यात एका ओळीत होतं की घरगुती प्लॅनवर २५ आणि ८० हे पोर्ट बंद असतात. मग त्यात वेळ घालवला नाही, ८० चा नियम काढून टाकला. सर्टिफिकेटसाठी ८० लागतोच असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण कॅडी ४४३ वरूनही तपासणी पूर्ण करतो, माझं तसंच झालं. तुमच्याकडं ४४३ ही बंद असेल तर डीएनएस पद्धतीनं, म्हणजे डोमेनच्या नोंदीत खूण घालून, सर्टिफिकेट काढून दुसरा कुठला तरी वरचा पोर्ट वापरता येतो, फक्त मग लोकांना पत्त्यापुढं तो आकडा टाईप करावा लागतो. सर्टिफिकेट मिळत नसेल तर ते सारखं सारखं मागत राहू नका, लेट्स एन्क्रिप्ट तासाला ठराविकच चुका चालवून घेतं आणि मग थांबवतं.

जूनच्या मध्यावर, शाळा सुरू व्हायच्या सुमाराला, मोबाईल डेटावर फोटो उघडले. आप्पांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मग कुणीही बघू शकतंय का.

ह्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं पाहिजे, नाहीतर दार उघडूच नये. सर्टिफिकेट निघालं की तुमच्या डोमेनचं नाव सर्टिफिकेटांच्या सार्वजनिक नोंदीत जातं आणि ती नोंद वाचणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, लगेच दार वाजवायला लागतात. माझ्या कॅडीच्या लॉगमध्ये पहिल्याच रात्री कुठल्या कुठल्या देशांतून वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणाऱ्या ओळी होत्या, माझ्याकडं वर्डप्रेस नाहीच. घाबरायचं कारण नाही पण व्यवस्थित राहायचं. प्रत्येकाला वेगळं खातं, लांब पासवर्ड, नवीन खातं काढणं फक्त माझ्या हातात. राउटरमधलं यूपीएनपी बंद, कारण ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतं. राउटरचं रिमोट मॅनेजमेंट बंद. आणि डीएमझेड नावाचा पर्याय वापरू नका, काही व्हिडिओत सोपा उपाय म्हणून सांगतात, पण त्यानं सगळेच्या सगळे पोर्ट एका कॉम्प्युटरकडं वळतात. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, पोर्ट ३३८९, हा तर कधीच सरळ बाहेर उघडू नका.

सीसीटीव्हीचं मुद्दाम सांगते कारण आपल्याकडं दुकानादुकानात डीव्हीआर आहेत आणि बसवणारा माणूस मोबाईलवर दिसायला पाहिजे म्हणून पोर्ट उघडून, कंपनीचाच पासवर्ड ठेवून निघून जातो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते, नुसते ठरलेले पासवर्ड टाकून बघत, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये डाइन ह्या डीएनएस कंपनीवर (साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी) हल्ला झाला तेव्हा ट्विटरसारख्या साईट अमेरिकेत बंद पडल्या. मी हे वाचल्यावर आमच्या बिल्डिंगच्या डीव्हीआरचा पासवर्ड सेक्रेटरी काकांना सांगून बदलायला लावला.

मला स्वतःला कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाहेरून आत यायचं असतं, त्यासाठी एसएसएचचा (लांबून कमांड द्यायची सोय) २२ उघडला नाही, वायरगार्ड लावलं, म्हणजे किल्ली असेल त्यालाच आत घेणारी खाजगी वाट. हे २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. एकच यूडीपी पोर्ट, ५१८२०, फॉरवर्ड करायचा, आणि किल्ली बरोबर नसेल तर ते उत्तरच देत नाही, त्यामुळं बॉटला तिथं काही आहे हेही कळत नाही. खरं सांगायचं तर तुम्हाला एकट्यालाच किंवा घरातल्या दोघा-तिघांनाच आत यायचं असेल तर ४४३ वगैरे काही उघडू नका, फक्त वायरगार्ड पुरेसं आहे. मला आत्याला आणि आप्पांच्या गिऱ्हाइकांना साधी लिंक पाठवायची होती म्हणून ४४३ लागला.

मग ते वायफायचं. बाहेरून सगळ्यांना दिसायला लागलं आणि घरात आईच्या मोबाईलवर तेच नाव उघडेना. घरातून आपल्याच बाहेरच्या पत्त्यावर गेलं की राउटरला ते वळवून परत आत आणावं लागतं, ह्याला हेअरपिन किंवा नॅट लूपबॅक म्हणतात आणि सगळ्या राउटरना ते जमत नाही. माझ्याला जमत नव्हतं. इमिचच्या मोबाईल ॲपमध्ये घरच्या वायफायवर असताना आतला पत्ता आणि बाहेर गेल्यावर डोमेन असं लावून ठेवता येतं, आईच्या आणि माझ्या मोबाईलचं काम तेवढ्यानं झालं. लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये ते नाव आतल्या पत्त्याला बांधणारी एक ओळ घातली. राउटरमध्ये लोकल डीएनएसची सोय असेल तर तिथंच नाव आतल्या आयपीला बांधा, सगळ्यात सुटसुटीत.

जूनच्या शेवटी एका रात्री लाईट गेली आणि सकाळी दादाचा फोन, काही उघडत नाही म्हणून. लाईट आली तरी कॉम्प्युटर आपोआप चालू झाला नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, पॉवर परत आल्यावर काय करायचं असा एक पर्याय असतो, तो पॉवर ऑन वर ठेवायचा. तीन हजारांच्या आसपास एक यूपीएस घेतला आणि त्यावर कॉम्प्युटरबरोबर राउटर आणि ओएनटीही लावले, नुसता कॉम्प्युटर चालू राहून उपयोग नसतो. मशीन वरच्या मजल्यावर ठेवलंय, ते का हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही, आणि फोटोंची एक पूर्ण प्रत दादाकडं पुण्याला दुसऱ्या डिस्कवर आहे. घरात ठेवायचं ठरवलं तर ही जबाबदारीही घरातच येते.

जुलैत आत्याला लिंक पाठवली. तिनं तिच्या लग्नातला पंगतीचा फोटो काढून आप्पांना फोन केला आणि दोघं वाढपी कोण कोण होते त्याची नावं आठवत तासभर बोलत बसले. त्यानंतर आप्पांनी वहीत जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहायला घेतलेत, ज्यांचे फोटो सापडतील त्यांना एकेक करून कळवतायत, प्रत्येकासाठी वेगळा अल्बम आणि वेगळी लिंक मी करून देते.

ज्यांची कंपनी स्टॅटिक आयपी देतच नाही किंवा वर्षाचे पैसे परवडत नाहीत त्यांनी थांबून राहू नका. एक बघा, तुमच्या कनेक्शनला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, आहे का. त्यात प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो, फॉरवर्डिंग लागतच नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडावा लागतो. मात्र पलीकडच्या माणसाकडंही आयपीव्ही६ असावं लागतं. दुसरं म्हणजे टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल, ह्यात तुमचा कॉम्प्युटरच आतून बाहेर कनेक्शन जोडून ठेवतो त्यामुळं सीजीनॅट आड येत नाही. त्यात मधे एक कंपनी येते, मला ते नको होतं, पण तुमची गरज तेवढ्यात भागत असेल तर एका संध्याकाळीत काम होतं.

आणि स्टॅटिक आयपी घेतलाच तर पावतीवरची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरला लावा. पैसे भरायचे राहिले तर पत्ता काढून घेतात, परत मिळताना वेगळा मिळू शकतो, आणि मग डोमेनचा ए रेकॉर्ड बदलावा लागतो. माझा पुढच्या मे मध्ये आहे, मी पंधरा दिवस आधीचा गजर लावलाय आणि पीपीपीओईचा पासवर्ड, व्हीलॅन आयडी, राउटरमधले दोन नियम (४४३ आणि ५१८२०) असं सगळं एका कागदावर लिहून तो कागद ओएनटीच्या शेजारी भिंतीला चिकटवलाय, मी घरी नसताना लाईनमन आला तर आप्पांना शोधत बसायला नको.